पाहुणीचा घागरा

बळीराम मास्तरांकडे कापड घेऊन गेलेल्या बाईला ते पहिला प्रश्न मापाचा कधीच करत नसत. कापड मांडीवर घेत, मुठीत चुरगाळून सोडून देत, सुरकुत्या किती वेळात उलगडतात ते पाहत, आणि मग चष्म्यावरून मान वर करून विचारत, "लगन कोणाचं हाय?"

तिथून सुरुवात. नवरीचं आणि तुमचं नातं काय? जायचं कशानं, मोटारीनं का बैलबंडीनं? तिथं नुसतं बसायचं आहे का पंगतीत वाढायचंही आहे? कडेवर लेकरू असणार का? मांडवात शिरताना पायऱ्या किती? घाईत आलेली बाई या प्रश्नांनी वैतागून जाई. सौंसरात तेव्हा आणखी दोघे शिंपी होते आणि त्यांना असले काही पडलेले नव्हते. पण लग्न जवळ आले की बायका येत मास्तरांकडेच.

आमचे घर आणि त्यांचे दुकान यांच्यामध्ये एक भिंत होती. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन उजेडाच्या बाजूला, इस्त्री खाली, आणि खुंटीवर नेहमी एखादा अर्धवट घागरा उलटा टांगलेला. आमच्यासारख्या मराठी घरांतल्या बायका लग्नाला लुगडे नाहीतर पातळ नेसत, मुली परकर-पोलके घालत. व्यापाऱ्यांच्या आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतून घागरा-ओढणी चाले. मास्तरांचा जीव घेराच्या कपड्यात होता. सदरा काय, माणूस उभा राहिला तरी सदरा आणि बसला तरी सदराच, असे ते म्हणत. घेराचे कापड मात्र बाईबरोबर चालते, बसते, वळते. म्हणून आधी बाई काय करणार ते कळले पाहिजे. माप घेण्याचे काम त्यांची बायको सरजाकाकू आतल्या खोलीत करी. दोरीला गाठी मारून ती दोरी बाहेर देई. प्रश्न मात्र मास्तरांचे.

माझा पहिला रेशमी परकर त्यांनी शिवला तो लोधीखेड्याच्या मामेबहिणीच्या लग्नासाठी. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यांनी मला विचारले, लग्नात तू काय करतेस? मी शहाण्यासारखी म्हणाले, बसते. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. दोन्हींवर खपल्या होत्या. त्यांनी परकर दोन बोटे आखूड केला. आई नाराज झाली, कारण पोर वाढत्या अंगाची, कापड महागाचे, आणि हा माणूस ते वर घेतो आहे. ते म्हणाले, "वहिनी, हे पोरगी धावते. पडली तर रेशीम फाटते, आन् रडते ते वेगळं." नवरदेव मारुतीच्या देवळापाशी आल्याचे कळले तेव्हा सगळ्या पोरी लांब परकर सांभाळत अडखळत राहिल्या आणि मी घोड्याजवळ पोहोचले. हे मी त्यांना येऊन सांगितले तेव्हा ते खूश झाले, पण लगेच विचारू लागले की धावताना परकर पायात आतल्या बाजूनं अडकत होता का बाहेरच्या.

घरोघर लग्नांची बोलावणी त्यांना येत आणि ते जातही. पण पुरुषांच्या बैठकीत ते दिसत नसत. जिथे बायका बंडीतून उतरत तिथे, झाडाखाली किंवा विहिरीच्या कठड्यापाशी, ते उभे असत. बाई उतरताना पहिला पाय टेकते तेव्हा घेर कुठे जातो, हे त्यांना बघायचे असे. गावातल्यांना ते माहीत होते. परगावच्यांना कसे असणार?

गावात एक सेठाणीबाई होत्या. धान्याच्या मोठ्या व्यापाऱ्याची बायको. त्यांच्या मुनीमजींच्या मुलीचे लग्न बोरगावला होते आणि सेठाणीबाईंना त्यासाठी कडेला चार बोटे रुंद सोनेरी गोट लावलेला घागरा हवा होता. मास्तरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग म्हणाले, नवरीच्या पातळाचा काठ किती आहे? सेठाणीबाईंना काय ठाऊक. मास्तर दुसऱ्या दिवशी सायकल काढून बोरगावला गेले, मुनीमजींच्या घरी पाणी प्यायले, नवरीचे पातळ बघून परत आले. काठ दोन बोटांचा होता. त्यांनी सेठाणीबाईंना सांगितले की गोट लावतो, पण आतून लावतो. त्या रागावल्या. सोने काय आत लपवायला घेतले का? मास्तर शांतपणे म्हणाले, "बसल्या का साध्या, चालल्या का श्रीमंत. लग्नात तुम्ही बसूनच राहणार हाय. नवरी तुमच्या बाजूले बसन."

सेठाणीबाई धुसफुसत घागरा घेऊन गेल्या. लग्नाच्या दिवशी त्या बंडीतून उतरल्या तेव्हा पाऊल पडले की कडेला एक सोनेरी रेघ चमके आणि विझे. मास्तर झाडाखाली वाकून ते बघत होते. नवरदेवाचा वर्ध्याकडचा मामा तिथेच उभा होता. त्याला दिसले ते इतकेच, की एक चष्मेवाला माणूस बायकांच्या पायांकडे टक लावून पाहतो आहे. त्याने मास्तरांची कॉलर धरली. माणसे जमली.  मास्तरांचा चष्मा खाली पडला होता आणि ते पायाने तो चाचपत होते. तेवढ्यात सेठाणीबाई मागे वळल्या. भर अंगणात त्यांनी घागऱ्याची कड वीतभर उचलली, आतला गोट त्या मामाला दाखवला आणि म्हणाल्या, "हा याच्या हातचा आहे. तो त्याचं काम पाहून राहिला. सोडा त्याला."

मामाने सोडले. मास्तर जेवले नाहीत, सायकलवर बसून घरी आले. त्यानंतर ते लग्नात उतरणीच्या जागी उभे राहीनासे झाले. त्याऐवजी बायका लग्नाहून परतल्या की ते ओट्यावर येऊन त्यांना विचारत. हा अहवाल दिल्याशिवाय गावातल्या एकाही बाईची सुटका नसे. कुठे आवळला, कुठे सैल पडला, नाडीची गाठ पोटाला रुतली का, कोणी काय म्हणाले. बायका कंटाळत नसत. आई म्हणायची, घरी नवरासुद्धा इतकं विचारत नाही.

बाबा नागपूरला सरकारी कचेरीत होते. शनिवारी अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मग राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर पलीकडे गेले, आमचे सौंसर-पांढुर्णा अलीकडे राहिले, आणि नागपूर आता आपली राजधानी नाही असे एका सकाळी सगळे बोलू लागले. मावशी पलीकडे, आत्या पलीकडे, संत्री विकायची ती पेठही पलीकडे. ओट्याओट्यांवर वाद चालत. मास्तर वादात पडत नसत, पण एकदा त्यांनी बाबांना मनापासून विचारले की ही रेघ मारणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी दाब किती सोडला. शिवण घालायची तर कापड थोडे जास्तीचे ठेवावे लागते, नाहीतर पुढे उसवते. बाबा हसले. मास्तर हसत नव्हते.

बाबांना नव्या राजधानीचे भोपाळ मिळाले. ते एकटेच गेले. सहा-सात महिन्यांनी त्यांचे पत्र आले की वरिष्ठांच्या मुलीचे लग्न आहे, सगळ्यांनी यावे, आणि त्या निमित्ताने गाव बघून बिऱ्हाड हलवायचे की नाही ते ठरवावे. आईने पत्र दोनदा वाचून डब्याखाली ठेवले. तिला जायचे नव्हते. हिंदी तिला समजे, बाजारात बोलताही येई, पण साहेबांच्या बायकांसमोर हिंदी बोलायचे म्हणजे तिला घाम फुटे. त्या आपल्याला खेडवळ म्हणतील, हसतील, हे तिने आधीच धरून ठेवले होते. बाबा तिथे, आपण इथे, असे किती दिवस चालणार, हेही तिला कळत होते.

त्यात तहसिलीतल्या एका बाबूच्या बायकोने सांगितले की भोपाळात लग्नाला तरुण मुली लहंगाच घालतात, साधे पातळ नेसून गेलात तर कामवाल्या समजतील. माझी थोरली बहीण कुसुमताई तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्याकडे दोन पातळे, दोन्ही सुती. आईने पांढुर्ण्याहून वांगी रंगाची साटण आणवली आणि भिंतीपलीकडे दिली.

मास्तरांचे घागरे चुण्यांचे असत; कळ्या जोडून केलेला लहंगा त्यांनी कधी शिवला नव्हता. सेठाणीबाईंच्या घरातला एक जुना त्यांनी मागून आणला, उलटा करून दोन दिवस नुसता बघितला. मग घेरासाठी सोळा कळ्या कापल्या. कळ्या वर निमुळत्या, खाली रुंद, एकेक शिवण इतकी बारीक की आतून हात फिरवला तरी लागू नये. कमरेला आवळ बसावा, पण जेवायला बसल्यावर श्वास घेता यावा, म्हणून नाडीच्या नेफ्यात थोडी जागा ठेवली. पोलके त्याच रंगाचे नको म्हणाले. फिकट पिवळे घे, म्हणजे चेहरा उजळतो. कुसुमताईची वेणी लांब होती, तेव्हा ओढणी पाठीवर पसरू नको, एका खांद्यावर चुण्या करून टाच, वेणी दिसू दे. पैंजण काढ. नवरीचे वाजू देत. गळ्यात एकच काहीतरी. आणि बसताना पुढचा घेर ओढायचा नाही; दोन्ही बाजूंच्या दोन-दोन कळ्या चिमटीत धरायच्या आणि सरळ खाली बसायचे, घेर आपोआप भोवती पडतो. हे त्यांनी ओट्यावर स्वतः चादर गुंडाळून करून दाखवले. रस्त्यावरची माणसे थांबून बघत होती. कुसुमताईला हसू आवरेना, पण तिला ते जमले. आरशासमोर ती बराच वेळ बसत-उठत राहिली.

भोपाळला आम्ही संध्याकाळी लग्नघरी पोहोचलो. मांडवाच्या दाराशी कुसुमताईचे पाऊल थांबले. आत दिवे लागले होते आणि सगळ्या बायका साड्यांत होत्या. हलक्या, अंगालगत पडणाऱ्या, फिकट रंगांच्या साड्या. गळ्यात मोत्यांचा एक सर. तिच्या वयाच्या मुलीही साडीतच. वांगी रंगाचा घेरदार लहंगा तिथे एकटीचा होता. दोन मुलींनी आमच्याकडे पाहिले, एकमेकींकडे पाहिले आणि ओठ दाबले. कुसुमताई मला म्हणाली, "मी आत येत नाही." आईने तिचा हात धरला होता. बाबा पुढे निघून गेले होते.

आम्ही तशाच दाराशी उभ्या असताना आतल्या तख्तपोसावरून, रुंद लाकडी बैठकीवरून, एका म्हातारीने बोट हलवून बोलावले. ती नवरीची आजी होती. सगळे तिला दादी म्हणत होते. तिच्या अंगावर विटक्या हिरव्या रंगाचा घागरा होता. त्या मांडवात घागरा घातलेली तीच काय ती दुसरी. कुसुमताई जवळ जाताच तिने लहंग्याची कड हातात घेतली, उलटली, डोळ्यांजवळ नेली आणि एकेक कळी बोटाने मोजली.

"किसने सिया?" तिने विचारले.

कुसुमताईने आईकडे पाहिले. मग आई बोलली. "हमारे पड़ोस के मास्तर ने," ती म्हणाली, आणि पुढे तिचे हिंदी संपले, तर मराठीतच सांगू लागली, की ते आधी शंभर प्रश्न विचारतात. दादीला त्यातले निम्मे समजले असेल. तिने आईला शेजारी बसवून घेतले. जेवणाची वेळ होईपर्यंत त्या दोघी बोलत होत्या, एक हिंदीतून, एक दोन्हींतून, आणि आई एकदा तर मोठ्याने हसली. कुसुमताई मात्र सबंध संध्याकाळ तख्तपोसाच्या कोपऱ्यात, चारही कळ्या मुठीत आवळून, मान खाली घालून बसली. परतीच्या गाडीत ती रडली. पुन्हा हे अंगाला लावणार नाही म्हणाली.

आम्ही सौंसरला उतरलो त्या दिवशी मास्तर ओट्यावर वाट बघत होते. कुसुमताईने सरळ सांगून टाकले की तिथे सगळ्या साड्यांत होत्या.

"सगळ्याच?"

"सगळ्या. एक म्हातारी सोडून."

मास्तर पायरीवर बसले.  मग त्यांनी विचारले की त्या म्हातारीच्या घागऱ्याची नाडी समोर होती का बाजूला.

कुसुमताईचा तोल गेला. "मास्तर, मला तिथं मरणाची लाज वाटून राहिली होती, आन् तुम्ही नाडीचं पुसून राहिले?"

त्यांच्याशी असे कोणी बोललेले मी ऐकले नव्हते. सरजाकाकू दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. म्हणाले, "चुकलं माहं. साऱ्याइले पुसतो, तिथलं मात्र पुसलं नाही. कोणी सांगितलं ते खरं धरून बसलो. मले लहंगा शिवाचा होता ना."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होते. सरजाकाकूने सांगितले की ते भाकऱ्या बांधून पहाटेच्या मोटारीने पांढुर्ण्याला गेले, तिथून रेल्वेने भोपाळला. कशाला? बघायला. लग्नसराईच्या ऐन दिवसांत आठ दिवस मशीन बंद राहिली. बायका कापडे घेऊन येत आणि परत जात. सरजाकाकू आईपाशी येऊन म्हणाली की बोरगावच्या त्या दिवसानंतर हा माणूस कोणाच्या मांडवाजवळ उभा राहिला नव्हता. आता परमुलखात कोणी धरले तर सोडवायला सेठाणी कुठून येणार?

नवव्या दिवशी ते आले. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. आमच्याकडे येऊन पाटावर बसले आणि कुसुमताईला समोर बोलावून त्यांनी हिशेबशीर सांगितले: साहेबलोकांच्या घरी साड्या, जुन्या शहरातल्या घरांतून नवरी आणि म्हाताऱ्या घागऱ्यात, लहान पोरी फ्रॉकमध्ये. ते पाच मांडवांसमोर उभे राहिले होते. दोन ठिकाणांहून हाकलले, एका ठिकाणी बसवून जेवू घातले. मग म्हणाले, लहंगा दे, मी उसवतो. सोळा कळ्यांतून दोन चांगली पोलकी निघतील, वर साडी घेता येईल.

कुसुमताई आत गेली. लहंगा घेऊन येईल असे आम्हांला वाटले. ती हात रिकामेच घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"डाव्या बाजूला होती," ती म्हणाली. "दादीची नाडी. आन् तिथं कळीला चीर दिलेली, आतून पट्टी लावून. म्हणून पोटावर फुगत नव्हतं."

 मास्तरांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि आमच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर घागरा काढायला सुरुवात केली. कुसुमताई खाली बसली, दोन्ही बाजूंच्या चुण्या चिमटीत धरून, आणि चीर किती लांब होती ते बोटाने दाखवू लागली. लहंगा उसवायचे कोणी पुन्हा बोलले नाही.

आई एवढा वेळ चुलीपाशी होती. तिने तिथूनच विचारले, बायका कशा आहेत तिथल्या?

"वहिनी, आपल्याचसारख्या," मास्तर मान वर न करता म्हणाले. "मांडवातून निघाल्या का आधी आपली चप्पल शोधतात. तुमचं निभन तिथं."

आईने त्या आठवड्यात बाबांना पत्र लिहिले. पाऊस संपल्यावर बिऱ्हाड हलवायचे ठरले. तिने नंतरही कधी कबूल केले नाही, पण मला वाटते तिचे मन बाबांच्या पत्राने वळले नव्हते. तिच्यासाठी कोणीतरी जाऊन बघून आले होते.

भोपाळला गेल्यावर आमचे सौंसरला जाणे तुटत गेले. नातेवाईक नागपूरकडे, आम्ही इकडे. मधल्या गावी उतरायला कारण उरले नाही. मास्तर गेल्याचे कळले ते कितीतरी वर्षांनी, तेही कोणाच्या तरी पत्रातल्या एका ओळीने. म्हणजे मी त्यांना शेवटचे पाहिले ते आम्ही गाव सोडले त्याच दिवशी.

सकाळची मोटार होती. सामान टपावर चढले. मोटार अड्ड्यावर येतो असे मास्तरांनी सांगितले होते. सरजाकाकू आली, तिने आईची ओटी भरली, कुसुमताईला जवळ घेतले, पण मास्तर आले नाहीत. आई खिडकीतून मागे वळून बघत होती. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला आणि मोटार सुटली. आईच्या चेहऱ्यावरून मला कळले की तिला लागले आहे.

गावाबाहेर नाल्याच्या उतारावर मोटार हळू झाली. समोरून देवदर्शनाला निघालेल्या वऱ्हाडाच्या बंड्या येत होत्या, पाच-सहा. शेवटच्या बंडीत एक अनोळखी बाई बसली होती. तिच्या अंगावर कुसुंबी रंगाचा घागरा होता, त्याला कसली तरी बारीक झालर, आमच्या भागात कधी न पाहिलेली. आणि बंडीच्या मागच्या फळीला हात लावून, धुळीत, बैलांच्या चालीने धावत होते बळीराम मास्तर. ते काहीतरी विचारत होते. बाई आधी ओढणीआड हसली, मग तिने झालरीचे टोक पुढे केले आणि ती वाकून त्यांना समजावून सांगू लागली. त्यांचे डोके तिच्या हातापाशी झुकले होते. मोटार शेजारून गेली तरी त्यांनी वर पाहिले नाही.

कुसुमताई हाक मारायला उठली. आईने तिला हाताने खाली बसवले.

"राहू दे," ती म्हणाली. "ते पुसून राहिले."